परिषद ‘सर्वांसाठी खुली’ आहे. महाडचे तळेही कागदावर खुलेच होते!

पुण्यात सॉफ्टवेअरची परिषद भरणार असली की तिच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असते : ‘परिषद सर्वांसाठी खुली, विद्यार्थ्यांचे विशेष स्वागत.’ वाक्य चांगले आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. प्रश्न एवढाच आहे की परभणी-बुलढाण्याहून आलेला, समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारा आमचा पोरगा त्या ‘सर्वां’त धरलेला आहे का? ताडीवाला रोडवरून, कासेवाडीतून, रामटेकडीवरून रोज पीएमटी पकडून कॉलेजला जाणारी आमची पोरगी त्या ‘विद्यार्थ्यां’त धरलेली आहे का?

‘खुले’ या शब्दाचा अनुभव आपल्या समाजाला जुना आहे. १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना कागदोपत्री खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. शिक्का बसला, फाईल बंद झाली, आणि अस्पृश्यांची ओंजळ कोरडीच राहिली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले तेव्हा कुठे त्या ठरावाला अर्थ आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले.

यातला धडा साधा आहे. कागदावरचा हक्क स्वतःच्या पायांनी चालत जाऊनच घ्यावा लागतो, आणि घेतल्यावर राखावाही लागतो. सॉफ्टवेअरच्या परिषदा हे आजच्या पुण्यातले असेच एक तळे आहे. आपली पोरे काठावरून परत फिरतात, काही तर काठापर्यंतही जात नाहीत. हे थांबले पाहिजे.

परिषदेत असते तरी काय?

ज्यांनी अशी परिषद पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. दोन-तीन दिवसांचा कार्यक्रम असतो. वेगवेगळ्या सभागृहांत अर्ध्या-पाऊण तासाची भाषणे असतात, कोणी नवी भाषा समजावतो, कोणी आपल्या कंपनीत काय फसले ते सांगतो. बाहेर कंपन्यांचे स्टॉल असतात. गळ्यात नावाचा बॅज असतो. मध्ये चहा असतो, दुपारी जेवण असते. पुण्याला हे नवीन नाही. पुणे लिनक्स युजर्स ग्रुपची मंडळी आणि मॉडेल कॉलनीतली सिम्बायोसिसची संगणक संस्था यांनी ‘ग्नूनिफाय’ ही मुक्त सॉफ्टवेअरची परिषद अनेक वर्षे भरवली. सप्टेंबर २०११ मध्ये ‘पायकॉन इंडिया’ ही पायथॉन भाषेची देशव्यापी परिषद पुण्यात भरली. खुद्द ती भाषा घडवणाऱ्यांपैकी एक, रेमंड हेटिंगर, तिथे बोलायला आले होते.

कोणी म्हणेल, भाषणे तर नंतर यूट्यूबवर टाकतातच, मग वसतिगृहात बसून बघू की! जरूर बघा. पण परिषदेतली खरी वस्तू यूट्यूबवर येत नाही. ती चहाच्या टेबलाजवळ वाटली जाते. ‘आमच्या टीममध्ये दोन जागा आहेत, तुझा सीव्ही मला पाठव’ हे वाक्य कोणत्याही व्हिडिओत सापडणार नाही. कोणती कंपनी माणसे घेते आहे, मुलाखतीत काय विचारतात, फ्रेशरला कितीवर अडवून धरायचे, कोणता मॅनेजर माणूस म्हणून बरा आहे, हे सगळे उभ्या उभ्या सांगितले जाते. ज्याच्या घरात दोन पिढ्या इंजिनियर आहेत त्याला हे रात्रीच्या जेवणाच्या ताटावर कळते. आपल्याला ते कळण्याच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, आणि परिषद ही त्यांतली एक आहे.

बिंदुनामावली नसलेली नोकरभरती

हा प्रश्न हौसेचा नाही, पोटाचा आहे. संविधानाचे कलम १६(४) राज्याच्या सेवेत आरक्षण देते. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या काचेच्या इमारतींना ते लागू नाही. तिथे बिंदुनामावली नाही, अनुशेष नाही, ‘पद रिक्त ठेवले’ म्हणून जाब विचारायला आयोग नाही. दुसरीकडे सरकारी नोकरी आटत चालली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय काढला. राज्यभर पोरे रस्त्यावर उतरली तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. निर्णय रद्द झाला, म्हणून दिशा बदलली असे समजायचे कारण नाही.

मग खासगी नोकरी कशी मिळते? जाहिरात पाहून अर्ज केला तर काय होते, हे अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले आहे. ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले गेले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, फरक फक्त नावात. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांशच निघाली. मुस्लिम नावाची तर एक तृतीयांश. अजून कोणी तोंड पाहिलेले नव्हते, बोलणे ऐकलेले नव्हते. कागदावरच्या आडनावानेच निकाल लावला होता.

त्यात आता भर पडली आहे रेफरलची. कंपनीतल्या माणसाने नाव सुचवले की अर्ज ढिगातून वर येतो. सुचवणारा कोणाचे नाव सुचवतो? ओळखीच्या माणसाचे. ओळख कोणाशी असते? सोसायटीतल्या, शाळेतल्या, नात्यातल्या माणसाशी. म्हणजे जात न विचारताही भरती जातीतल्या जातीत फिरत राहते, आणि वर तिला ‘नेटवर्किंग’ असे गोंडस नाव मिळते. हे वर्तुळ बाहेरून फोडायचे तर आपल्या पोरांची ओळख त्या माणसांशी थेट झाली पाहिजे. परिषदेच्या व्हरांड्यात ती होऊ शकते. म्हणून परिषदेत जाणे हा प्रतिनिधित्वाचा प्रश्न आहे.

‘टेक्नॉलॉजीत जात नसते हो!’

हे वाक्य पुण्यात फार ऐकायला मिळते. ‘कॉम्प्युटर कोणाची जात विचारतो का?’ खरे आहे, कॉम्प्युटर विचारत नाही. कॉम्प्युटरपुढे बसलेला माणूस विचारतो. थेट विचारत नसेल तर ‘गाव कुठलं?’, ‘आडनाव नीट कळलं नाही’, ‘कोणत्या कॉलेजचा?’, ‘रँक किती होता?’ असे वळसे घेऊन विचारतो. हे वळसे आमच्या कल्पनेतले असते तर जुलै २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला आपल्या विद्यार्थ्यांना ‘एकमेकांना प्रवेश परीक्षेचा रँक विचारू नका’ अशी सूचना काढावी लागली नसती.

सॉफ्टवेअरच्या जगातली जात आता सातासमुद्रापार पोचली आहे. ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क विभागाने सिस्को कंपनीवर दावा लावला. एका दलित इंजिनियरला त्याच्या सवर्ण वरिष्ठांनी जातीवरून डावलले, असा आरोप होता. पुढे एप्रिल २०२३ मध्ये त्या दोन वरिष्ठांवरचा दावा मागे घेतला गेला, कंपनीवरचा कायम राहिला. न्यायालयीन निकाल काय लागायचा तो लागो, पण त्या दाव्याने ‘अमेरिकेतल्या ऑफिसात जात असते का?’ हा प्रश्नच उडवून लावला. एप्रिल २०२२ मध्ये गूगलमध्ये थेन्मोळी सौंदरराजन यांचे जातीवरचे व्याख्यान ठरले होते. कंपनीतल्याच काहींनी ओरड केली, व्याख्यान रद्द झाले, आणि ते आयोजित करणाऱ्या तनुजा गुप्ता यांनी राजीनामा दिला. जात नसेल तर जातीवरच्या एका व्याख्यानाची एवढी भीती कशाला?

उलट बाजूही बघा. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल शहराने जातीभेदावर बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. तो ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. पुण्यात जन्मलेल्या बाईने सिएटलमध्ये जे केले ते पुण्यातल्या परिषदांना आपल्या नियमावलीत करता येऊ नये? मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात ‘कॉन्ट्रिब्यूटर कव्हनंट’ नावाची वर्तनसंहिता सर्रास वापरली जाते. तिच्या २०२१ च्या २.१ आवृत्तीत वंश, धर्म, लिंग यांच्याबरोबर ‘जात’ हा शब्द आलेला आहे. जगभरचे प्रकल्प तो शब्द छापतात. जातीच्या जन्मभूमीत परिषद भरवणाऱ्यांना मात्र तो आठवावा लागतो!

राहिला मेरिटचा मुद्दा. हा उद्योग एकट्याच्या हुशारीवर उभा राहिला, असे सांगणाऱ्यांनी थोडा हिशेब द्यावा. केंद्र सरकारने देशातली पहिली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स उभारली त्यांत पुणे होते. त्या योजनेतल्या कंपन्यांच्या निर्यात उत्पन्नाला मार्च २०११ पर्यंत प्राप्तिकरात सूट होती. हिंजवडीची जमीन शेतकऱ्यांकडून एमआयडीसीने घेऊन दिली. १९८८ मध्ये पुण्यात उभे राहिलेले सी-डॅक जनतेच्या पैशाचे. जमीन सार्वजनिक, करसूट सार्वजनिक, रस्ता-पाणी-वीज सार्वजनिक, आणि नोकरी मात्र खासगी मेरिटची! हे गणित आम्हाला शिकवू नका.

आता आपल्या घरचे आक्षेप

प्रस्थापितांना सुनावणे सोपे असते. आपल्यातल्याच काही म्हणण्यांकडे अधिक कठोरपणे बघायला हवे.

पहिले म्हणणे : ‘हा भांडवलदारांचा मेळा आहे, तिथे आपले काय काम?’ तळ्यावर ज्यांचा कब्जा आहे त्यांना शिव्या देऊन तहान भागत नाही. कंपन्यांचे स्टॉल आपण चालवत नाही, पण त्या कंपन्यांत राबणारे हात आपले आहेत. स्वच्छतेचे आणि सुरक्षेचे काम त्याच इमारतींत आपली माणसे कंत्राटावर करतात. त्यांच्या मुलांनी त्याच इमारतीत कोड लिहायला बसणे ही चळवळीशी प्रतारणा कशी होईल?

दुसरे म्हणणे : ‘आधी एमपीएससी होऊ दे.’ स्पर्धा परीक्षेला माझा विरोध नाही. पण सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये वर्षामागून वर्षे काढणारी आपली पोरे आणि निघणाऱ्या जागा यांचे प्रमाण सगळ्यांना दिसते आहे. बार्टीसारखी आपली संस्था पुण्यातच आहे. तिची ओळख यूपीएससी, एमपीएससी, बँक, पोलीस भरतीच्या प्रशिक्षणाने झाली. ते चालू राहावेच. पण सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवून समाज पुढे जात नाही.

तिसरे म्हणणे सर्वांत खोल आहे आणि ते कोणी मोठ्याने बोलत नाही : ‘मला इंग्रजी येत नाही. मी काय बोलणार? आधी शिकून घेतो, मग जाईन.’ या भित्र्या विनयाला उत्तर द्यायला आपल्याकडे एक तारीख आहे. ९ मे १९१६. न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांचे मानवशास्त्राचे चर्चासत्र. तिथे पंचवीस वर्षांच्या, बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने भारतातल्या जातींची उत्पत्ती आणि यंत्रणा यावर निबंध वाचला. त्याची मातृभाषा इंग्रजी नव्हती. तो प्राध्यापक नव्हता. जातीवर लिहिणाऱ्या युरोपीय पंडितांची मते त्याने नावे घेऊन तपासली आणि कुठे चुकली ते सांगितले. पुढच्या वर्षी तो निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. भीमराव रामजी आंबेडकर जाणकारांच्या सभेत श्रोता म्हणून बसून राहिले नाहीत. आधी ज्ञानी होतो आणि मग बोलतो, असे म्हणत बसले असते तर तो निबंध झाला नसता. दरवर्षी १४ एप्रिलला आपण त्यांच्या पदव्यांची यादी वाचतो. त्या पदव्या कशा मिळाल्या, हेही एकदा वाचू.

जायचे कसे?

एकटे जाऊ नका. तिघे-चौघे मिळून जा. एकटा माणूस भिंतीला टेकून मोबाइल बघत बसतो आणि संध्याकाळी ‘आपल्यासाठी नव्हतंच ते’ म्हणत परततो. चौघे असले की एक जण प्रश्न विचारायला उठतो आणि तिघे त्याच्याकडे बघून धीर देतात.

तिकीट परवडत नसेल तर स्वयंसेवक म्हणून नाव द्या. बऱ्याच परिषदा विद्यार्थ्यांना सवलत देतात, काही प्रवासखर्चही देतात. अर्ज करायला लाजू नका, ती भीक नव्हे. आधीच्या वर्षीची दोन-तीन भाषणे आधी बघून ठेवा. स्वतःची ओळख दोन वाक्यांत सांगता आली पाहिजे : मी काय शिकतो आणि मी काय बनवले आहे. दुसऱ्या वाक्यासाठी काहीतरी बनवलेले असावे, मग ते कितीही छोटे असो. पुढच्या रांगेत बसा. प्रश्न मराठीत सुचला तर मराठीत विचारा. सभागृह पुण्यात आहे, उत्तर देणाऱ्याला दुभाषी मिळेल.

आणि बोलायला उभे राहा. अनेक परिषदांत पाच मिनिटांची छोटी भाषणे असतात, त्यांची नावे त्याच दिवशी नोंदवता येतात. विषय कुठून आणायचा? विषय तुमच्या खिशात आहे. महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज तुम्ही भरलेला आहे. जातीच्या दाखल्यावर नावाचे स्पेलिंग एक, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे, म्हणून अर्ज कसा अडकतो हे तुम्ही भोगले आहे. शेवटच्या तारखेला सर्व्हर कसा मान टाकतो, त्रुटी कुठे आहे हे न सांगता अर्ज कसा परत येतो, हे तुम्हाला पाठ आहे. सभागृहात बसलेल्या कितीतरी वरिष्ठ इंजिनियरांनी तो फॉर्म आयुष्यात उघडलेला नसतो. देवनागरी नावांची जुळवणी, बंद पडलेला अर्ज पुन्हा सुरू करणे, कमी नेटवर्कवर कागद चढवणे, हे सॉफ्टवेअरचे अस्सल प्रश्न आहेत. त्यांवर बोलण्याचा अधिकार तुमच्याइतका कोणाला आहे?

परत आल्यावर काम संपत नाही. आठवड्याच्या आत विहारात किंवा अभ्यासिकेत दहा जणांना घेऊन बसायचे आणि ऐकलेले सांगायचे. एक तिकीट दहा जणांना पुरले पाहिजे.

मागण्या

आयोजकांना आमचे सांगणे असे :

१. वर्तनसंहितेत ‘जात’ हा शब्द स्पष्ट लिहा, आणि तक्रार ऐकणाऱ्या समितीत जातीचा अनुभव असलेला माणूस घ्या.

२. सवलतीच्या जागा किती, निकष काय, निवड कोणी केली, हे जाहीर करा. ‘आधी खर्च करा, बिले द्या, मग पैसे देऊ’ ही पद्धत बंद करा. पुण्यात स्वाधार योजनेचे वर्षाला ६०,००० रुपये मिळतात, म्हणजे महिन्याला ५,०००. त्यात खोली, जेवण, वह्या-पुस्तके सगळे आले, आणि तेही वेळेवर हातात पडतील याची खात्री नसते. असा विद्यार्थी तुमच्या परिषदेला उसने पैसे देऊ शकत नाही.

३. बॅजवर आडनावाची सक्ती नको. सवलतीत आलेल्याला वेगळ्या रंगाचा बॅज तर मुळीच नको.

४. निदान एका सभागृहात मराठीतून भाषणे ठेवा. भाषणे निवडणाऱ्या समितीत पुण्याबाहेरच्या, तालुक्याच्या कॉलेजांतले शिक्षक घ्या.

बार्टी आणि समाजकल्याण आयुक्तालयाला : दोन्ही कार्यालये याच शहरात आहेत. परिषदेचे शुल्क, प्रवास आणि निवास यांसाठी स्वतंत्र निधी ठेवा. स्पर्धा परीक्षेच्या शिकवणीला पैसा मिळतो, तसा यालाही मिळाला पाहिजे.

आणि आयटीत स्थिरावलेल्या आपल्या बांधवांना : ऑफिसात जात उघड करायला तुम्ही कचरत असाल तर मी तुम्हाला हिणवणार नाही. ती भीती कुठून येते ते मला ठाऊक आहे. पण वर्षातून एका विद्यार्थ्याचा हात धरून त्याला परिषदेत नेणे, चार माणसांशी ओळख करून देणे, त्याचा सीव्ही वाचून लाल पेनाने दुरुस्त करणे, त्याचे नाव कंपनीत सुचवणे, यासाठी कोणाला काही सांगावे लागत नाही. सवर्ण हे पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट करत आले आहेत. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल व्यक्त केलेली व्यथा आपण भाषणांतून पुष्कळ वेळा ऐकवली. तिचे उत्तर भाषणातून देता येत नाही.

मित्रांनो, महाडला बाबासाहेबांनी सांगितले होते की त्या तळ्याच्या पाण्यावाचून आपले काही अडलेले नव्हते. आपण तिथे गेलो ते इतरांसारखीच आपणही माणसे आहोत हे सिद्ध करायला. परिषदेत न गेल्याने कोणी मरत नाही, हेही खरे. पण आपले शिष्यवृत्तीचे पोर्टल, आपले रेशन, आपले सातबारे, आपल्या नोकऱ्यांची चाळणी, सगळे आता सॉफ्टवेअर ठरवते आहे. ते कोण लिहिणार, हे ज्या सभागृहांत ठरते तिथे आपली माणसे नसतील तर उद्याची मनुस्मृती कोणी ग्रंथात लिहिणार नाही, ती कोडमध्ये लिहिली जाईल. आणि ती जाळायला हातात कागदही नसेल.

पुढची परिषद कुठे आहे ते शोधा. चार जण गोळा करा. नोंदणी करा.

जय भीम!